पिशवीवरचा हात

गेल्या महिन्यात आम्हा भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगलीत एक कार्यक्रम केला. विषय होता भुलीच्या यंत्रांचा इतिहास. हॉलच्या दारातच काचेच्या पेटीत आमच्या दवाखान्यातलं जुनं बॉईल मशीन, म्हणजे भूल द्यायचं यंत्र, घासूनपुसून ठेवलं होतं. पडद्यावर एकामागून एक गोऱ्या साहेबांचे फोटो सरकत होते. याने ईथर आणला, त्याने नळी, तिसऱ्याने घशात बघायचं दिव्याचं पातं. तरुण पोरं मोबाईलवर ते फोटो टिपून घेत होती. मी आपली त्या मशीनची काळी रबरी पिशवी बघत उभी होते. रबर तडकलं होतं. त्या पिशवीवर अडतीस वर्षं ज्याचा हात होता, त्याचं नाव सबंध कार्यक्रमात कुणी घेतलं नाही. वर एकाने माझ्यापुढे माईक धरला, "मॅडम, तुमच्या आठवणी सांगा ना, पाच मिनिटं." मला असा संताप आला! माझ्या आठवणी पाच मिनिटांत बसत नाहीत, असं त्याला तोंडावर सांगून मी उठून घरी आले.

सिकंदर शिकलगार हे त्यांचं नाव. मूळचे आष्ट्याचे. बाप सायकलवर धारेचं चाक बांधून कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गावोगाव फिरायचा. चौऱ्याहत्तर साली हा अठरा वर्षांचा सिकंदर सांगलीला आमच्या दवाखान्यातल्या कात्र्यांना धार लावायला आला आणि तिथेच वॉर्डबॉय म्हणून राहिला. लोखंड, रबर, स्क्रू यांत त्याचं डोकं असं चालायचं, की वर्षभरात भुलीचं सगळं सामान त्याच्या ताब्यात आलं. नळ्या उकळायच्या, सिलिंडर बदलायचे, पात्याचा दिवा लागेना तर सेल पुसून लावायचा, हे सगळं तोच करायचा.

तेव्हा भूल म्हणजे ईथर. तारेच्या जाळीवर कापडाच्या घड्या, ती जाळी नाकातोंडावर धरायची आणि वरून थेंब थेंब सोडायचे. माणूस गुदमरायचा, हातपाय झाडायचा, चौघांनी दाबून धरायचा. सिकंदर त्या चौघांतला एक. त्याच्या लक्षात आलं, की माणूस बोलता राहिला तर झटापट कमी करतो. डॉक्टर सांगायचे, आकडे मोजा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया आकडा म्हटलं की आणखीच भेदरायच्या. मग सिकंदरने आकडे सोडले आणि गावं विचारायला सुरुवात केली.

"आलासा कुठनं? आष्ट्यासनं? मग बसा यष्टीत. पयलं गाव कुठलं आलं?"

"मिरजवाडी."

"फुडं?"

माणूस एकेक गाव सांगत यायचा आणि वाटेत कुठेतरी झोपायचा. तासगावकडचा असला तर कवठे एकंद, बुधगाव, माधवनगर. आष्ट्याचा असला तर मिरजवाडी, तुंग, डिग्रज, सांगलीवाडी. माझ्या मते भुलीचा खरा इतिहास एवढाच आहे. ईथरच्या काळात आष्ट्याचा माणूस पूल ओलांडून सांगलीत यायचा तरी डोळे टक्क उघडे. पेंटोथलचं इंजेक्शन आल्यावर त्याला डिग्रज काही दिसेना. आणि आताच्या औषधाने तो आष्ट्याची वेससुद्धा ओलांडत नाही. त्या हॉलमधल्या पोरांना हे कुणी सांगायचं?

मी सत्याऐंशी साली तिथे आले. साताऱ्याची, नवीकोरी पदवी घेतलेली, वय सत्तावीस आणि राग नाकाच्या शेंड्यावर. सिकंदर माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचे आणि तो मला 'बाई' म्हणायचा. श्वासाची नळी घशात बसवली की ती चिकटपट्टीने बांधेपर्यंत, तिच्यातून हवा देणारी पिशवी तो दाबायचा. एकदा मी विचारलं, "तू नुसता दाबतोस, की तुला काही कळतंसुद्धा?"

"कळतं की, बाई. वारं आत गेलं की परत आलं पायजे. परत येताना पिशवी हाताला लागती. न्हाई लागली तर नळी चुकली."

मी हसले. छातीला स्टेथोस्कोप लावायला मी सहा वर्षं शिकले होते आणि हा मला पिशवी शिकवत होता.

ऑपरेशन थिएटरमध्ये एक न लिहिलेला कायदा होता. डॉक्टर चुकला तरी वॉर्डबॉयने तोंड उघडायचं नाही. पण सिकंदरने त्यातूनही वाट काढली होती. काही चुकतंय असं वाटलं, की तो दोन बोटांनी पिशवीवर टक टक वाजवायचा. दोनदाच. डॉक्टर समजायचा, पुन्हा बघायचा, कुणाची अब्रू जायची नाही. दवाखान्याचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, ती टकटक मानायचे. मला मात्र तो आगाऊपणा वाटायचा.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात, भर दुपारी, आष्ट्याहून मालन नावाची एक पोर आणली. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. दोन दिवस अडलेली. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत चालले होते. बाहेर तिची सासू राहीबाई पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली. पोट उघडून बाळ काढायचं ठरलं आणि पाठीत सुई देऊन कमरेखालचीच भूल द्यायला वेळ नव्हता, पूर्ण भूलच द्यावी लागणार होती. सिकंदर तिच्या उशाशी वाकून तिला गावं विचारत होता. ती काय म्हणत होती, ते मी ऐकलं नाही. माझं लक्ष सिरिंजकडे होतं.

ती झोपली. मी पातं घशात घातलं. गरोदर बाईचा घसा सुजलेला असतो, त्यात दोन दिवसांच्या कळा. श्वासनलिकेचं तोंड मला दिसलंच नाही. अंदाजाने नळी सरकवली आणि म्हटलं, "बसली." स्टेथोस्कोप लावला. आवाज आला. नळी अन्ननलिकेत गेली तर पोटात शिरलेल्या हवेचा आवाजसुद्धा छातीवर ऐकू येतो, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. पिशवी सिकंदरच्या हातात दिली. पाचसहा वेळा दाबली असेल त्याने.

टक टक.

"सिकंदर, वाजवू नकोस," मी ओरडले. "हात काढ."

त्याने हात काढला आणि पिशवी मी दाबू लागले. मोठ्या डॉक्टरांनी एव्हाना चीर घेतली होती. बाळ बाहेर आलं, रडलं. मुलगी. सगळ्यांच्या जिवात जीव आला. मी पुढचं इंजेक्शन भरत होते. तेवढ्यात मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, रक्त काळं का येतंय?"

मी नळी उपसली, पुन्हा घातली. या वेळी ती बरोबर बसली, पण मालनचं हृदय थांबलं होतं. आम्ही चाळीस मिनिटं धडपडलो. मालन गेली. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर जाऊन सांगितलं, "बाळंतपणात असं होतं कधीकधी." मी त्यांच्या मागे उभी होते. राहीबाईने नर्सच्या हातातल्या त्या दुपट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आयला गिळून आली ही." ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि गप्प राहिले.

सिकंदर आत फरशी पुसत होता. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा माझ्या तोंडून आपोआप 'सिकंदरभाई' आणि 'तुम्ही' निघालं. त्यांनी मान खाली घालून पिशवी पुसली. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांत मी एकही नळी त्यांच्या हाताकडे पाहिल्याशिवाय बांधली नाही. सहा वेळा त्यांनी टकटक केली. सहाही वेळा मी नळी काढली, आणि सहाही माणसं आपल्या पायांनी घरी गेली. त्याचा मला कधी आनंद झाला नाही. प्रत्येक वेळी मालन आठवायची.

पुढे बोटाला लावायचा चिमटा आला, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसायचा. दोन हजार एक साली ते यंत्र आलं, जे श्वासातून परत येणारी हवा मोजतं आणि पडद्यावर तिची लाट काढतं. नळी चुकली तर लाट उमटत नाही आणि यंत्र ठणाणा बोंब मारतं. पहिल्या दिवशी सिकंदरभाई त्याच्यापुढे स्टूल ओढून बसले. बराच वेळ बघत राहिले.

"काय बघताय?" मी विचारलं.

"माझा हात करायचा त्येच करतंय, बाई. फकस्त ह्ये डॉक्टरास्नी भीत न्हाई."

मी खोलीबाहेर जाऊन रडले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा मारणं त्यांना जमायचंच नाही. जे होतं ते बोलले.

दोन हजार बारात ते निवृत्त झाले, तरी सकाळी दवाखान्यात येऊन बसायचे. ऑपरेशनला निघालेल्या माणसांशी गप्पा मारायचे. त्यांच्या पत्नी झुबेदाभाभी म्हणायच्या, घरात ह्यांना करमत नाही. परवाच्या साली, दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात, पित्ताशयाच्या खड्यांसाठी एक बाई आली. संयोगिता. वय चौतीस. सिकंदरभाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठनं आलासा?"

"आष्ट्यासनं. भ्या वाटतंय हो, चाचा. माझी आय ह्याच दवाखान्यात गेली. मला जलम देताना."

ऑपरेशन नीट झालं. पण तिने सांगितलेलं सगळं त्यांनी मला येऊन सांगितलं. राहीबाईने पोरीला वाढवलं, पण कधी मांडीवर घेतलं नाही. भावकीत कुणी बाळंत झालं, की हिने त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. हिची स्वतःची मुलगी झाली तेव्हा आजी बघायलासुद्धा आली नाही. आजी मरणाला टेकली तेव्हा हिने तिच्या पाया पडून माफी मागितली, आणि आजीने पाय आखडून घेतले.

"बाई, तिला सांगाय पायजे," ते म्हणाले. "तिची काय चूक हुती?"

तेव्हाच त्यांचा आवाज फाटल्यासारखा येत होता. मी म्हटलं, आधी घसा दाखवा. आयुष्यभर तंबाखू-चुना गालात. तपासणीत कॅन्सर निघाला. स्वरयंत्र सगळं काढावं लागणार होतं. जीव वाचण्याची आशा होती, आवाज मात्र जाणार होता.

दिवाळी उलटली होती, ऑपरेशनला आठ दिवस होते. ते माझ्या घरी आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच उभे.

"आष्ट्याला जाऊन येऊ. मला बोलता येतंय तवर. माझ्या हाताला कळलं हुतं आनि मी तोंड उघाडलं न्हाई. एवढं तिला सांगतो."

"तुम्ही वाजवलं होतं, सिकंदरभाई."

"वाजवलं. पर तुमी हात काढ म्हणल्यावर तोंडानं बोलाय काय झालं हुतं मला? बोललो न्हाई. ती माझी चूक."

"मग एकटे जाऊन सांगा की." मी हे चिडून म्हटलं. माझी जुनी खोड.

"तुमच्या माघारी सांगितलं तर ती चुगली, बाई. तुमी असताना सांगतो."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आधी ऑपरेशन होऊ दे. मग निवांत जाऊ." मला ठाऊक होतं, की मग त्यांना बोलता येणार नाही. ठाऊक असूनच मी म्हणाले. साठी उलटलेली बाई मी, संघटनेने शाल-श्रीफळ दिलेली. एका शेतकरी घरातल्या पोरीपुढे मान खाली घालायची मला भीती वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असणार. "बरं," म्हणाले आणि निघून गेले.

तंबाखूने त्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. म्हणजे पातं घालून नळी बसवणं शक्य नाही. अशा माणसाला जागं ठेवून, नाकातून बारीक दुर्बीण सरकवत, तिच्यावरून नळी घालतात. मी हट्टाने ते काम माझ्याकडे घेतलं. दुर्बिणीच्या पडद्यावर त्यांचा घसा दिसत होता आणि त्यात ती गाठ. नाक-घसा बधिर केलेला, हलकं औषध दिलेलं. मला धीर यावा म्हणून मीच म्हटलं, "सिकंदरभाई, गावं सांगा."

ते घोगऱ्या आवाजात सांगू लागले. सगळी माणसं सांगलीकडे येतात. ते उलटे निघाले.

"सांगलीवाडी..."

दुर्बीण स्वरतंतूंच्या मधून खाली गेली.

"डिग्रज..."

मी नळी सरकवली. नळी तिथून पार झाली, की माणसाचा आवाज बंद होतो. नळी बरोबर बसल्याची तीच खूण. त्यांचे ओठ हलत राहिले, आवाज आला नाही. पडद्यावर श्वासाची लाट उमटली, सुरेख, एकसारखी. अडतीस वर्षं ज्याने लोकांचा श्वास हातावर जोखला, त्याचा आवाज शेवटी माझ्या हाताने बंद झाला. ते आष्ट्याकडे निघाले होते. मी त्यांना डिग्रजलाच अडवलं.

दोन महिन्यांनी, माघात, मी स्वतः गाडी घेऊन त्यांच्या दारात गेले. गळ्याला भोक, त्यावर झुबेदाभाभींनी शिवलेला मलमलीचा पडदा. हातात नातीची पाटी. वजन निम्मं झालेलं. ते गाडीत बसले. गाडी सांगलीवाडीवरून निघाली तशी ते खिडकीतून एकेक गाव बघत होते.

संयोगिता दारातच हळद निवडत बसली होती. सिकंदरभाईंना बघून उठली. "आगं बया, चाचा! ह्ये काय झालं तुमास्नी?" तिने सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी तिला सांगितलं, की तिच्या आईला भूल मी दिली होती. ती समोर बसली, हातातली हळद तशीच.

मी सुरुवात केली. "त्या काळी बघ, आजच्यासारखी यंत्रं नव्हती. बोटाचा चिमटा नव्हता, श्वासाची लाट दाखवणारा पडदा नव्हता. नळी कुठे गेली हे कळायला..."

माझ्या मनगटावर टक टक झालं. दोन बोटं. दोनदाच.

मी सिकंदरभाईंकडे बघितलं नाही. बघण्याची गरज नव्हती. ते सगळं बाजूला सारलं आणि म्हटलं, "नळी मी चुकीच्या जागी घातली. यांच्या हाताला कळलं होतं. यांनी मला खूण केली. मी यांना ओरडले आणि हात काढायला लावला. तुझी आई तुझ्यामुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली. आणि तुझ्या आजीने तुला बोल लावला, तेव्हा मी तिथेच उभी होते."

चहा उतू गेला, तिने उठून गॅससुद्धा बंद केला नाही. मग म्हणाली, "पस्तीस वर्सं, म्याडम. आजी मेली तवाबी मी तिच्या पाया पडत हुते. तिला तरी येऊन सांगायचं हुतं." आणि रडायला लागली, लहान मुलासारखी, हुंदके देत. मी माफी मागितली. तिने 'माफ केलं' म्हटलं नाही आणि म्हणायचं काही कारणही नव्हतं.

डोळे पुसून ती सिकंदरभाईंकडे वळली. "चाचा, तुमी मला गावं इचारली हुती. मी आष्ट्यातच झोपले. माझ्या आयलाबी इचारली हुती?"

त्यांनी मान डोलावली.

"कुठवर आली हुती ती?"

मला आठवत नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं. त्या पोरीचा शेवटचा शब्द माझ्यापासून हातभर अंतरावर बोलला गेला आणि मी सिरिंज बघत बसले. सिकंदरभाईंनी पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल ओली केली. त्यांनी दोनच अक्षरं काढली आणि पाटी तिच्यापुढे धरली.

तुंग.

संयोगिताने ती पाटी दोन्ही हातांनी घेतली. "तुंग तिचं म्हायेर हुतं," ती म्हणाली. "म्हंजी म्हायेरापतोर पोचली हुती."

निघताना सिकंदरभाईंनी पाटीसाठी हात पुढे केला. ती पाटी म्हणजे त्यांचा आवाज होता. संयोगिताने पाटी छातीशी धरली आणि मान हलवली. तिच्या हळदीच्या बोटांचे ठसे कडेला उमटले होते.

"न्हाई, चाचा. पुसाल तुमी."

त्यांनी हात मागे घेतला. चैत्रात ते गेले. पाटी आष्ट्यातच आहे.